अडीच बाय साडेतीन

बेसबॉलचं कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच पुठ्ठा. टॉप्स कंपनीनं १९५७ साली हे माप घेतलं आणि पुढे तेच रूढ झालं. एवढ्याशा पुठ्ठ्याकडे बघावं कसं, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. छापील मजकुरात आपलं नाव आलेलं त्यांना कधीच रुचलं नसतं. दुकानात येणारी पोरंटोरं त्यांना ‘पॉप’ म्हणत, तेच मीही म्हणू लागलो. माझ्या वडिलांपेक्षा ते चार-पाच वर्षांनीच लहान असतील. बापाच्या वयाच्या माणसाला अशी हाक मारताना सुरुवातीला जीभ अडखळायची.

मी न्यू जर्सीत पोचलो ते १९९४च्या सप्टेंबरात. बेसबॉलच्या खेळाडूंनी ऑगस्टमध्ये संप पुकारला होता आणि मी आल्यावर थोड्याच दिवसांत त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. १९०४ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. दोन महायुद्धांत न थांबलेली स्पर्धा पैशाच्या भांडणात थांबली, म्हणून ऑफिसातले लोक सुतक असल्यासारखे बोलत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. सांगलीत क्रिकेटवर पोसलेला माणूस मी. बेसबॉल म्हणजे फुलटॉसवर आडवी बॅट फिरवायचा खेळ, एवढीच माझी समजूत होती. थोडक्यात, मी हा खेळ मैदानाआधी कार्डावर पाहिला, कारण मैदानं बंद होती.

आमच्या अपार्टमेंटजवळच्या लॉन्ड्रोमॅटला लागून पॉपचं दुकान होतं. कपडे मशिनमध्ये टाकले की तासभर करायचं काय, म्हणून मी शेजारी डोकावलो. अरुंद, लांबट जागा. काचेची दोन कपाटं, एक स्टूल, भिंतीवर हातानं रंगवलेली पाटी. अक्षर पाहून थबकलो. इंग्रजी अक्षरांना बाक किती द्यायचा, दोन अक्षरांत हवा किती ठेवायची, हे जाणणाऱ्या हाताचं ते काम होतं. विचारलं तर कळलं, पॉप मूळचे साइनबोर्ड रंगवणारे. मग व्हिनाइलची कापीव अक्षरं आली, कामं आटली आणि त्यांनी लहानपणच्या छंदाचं दुकान थाटलं. मी म्हणालो, “आमचा सांगलीला छापखाना आहे. वडील अजून चालवतात.” तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तोवर मी त्यांच्या लेखी कपडे वाळायची वाट बघणारा एक माणूस होतो.

नोकरीतला माणूस हातात दोन डॉलर खुळखुळायला लागले की करतो ते मीही केलं. किंमतकोशाचा महिन्याचा अंक घेतला, वर चढणारे बाण पाहिले आणि त्यातलं एक महागडं कार्ड द्या म्हणालो. पॉपनी दिलं नाही. “तुला हे कार्ड आवडलेलं नाही,” ते म्हणाले, “तुला त्याची किंमत आवडलीय. सहा महिन्यांनी ये.” गिऱ्हाइकाला आल्या पावली परत धाडणारा दुकानदार मी सांगलीतही पाहिला नव्हता. त्याऐवजी त्यांनी मला पंचवीस सेंटवाल्या खोक्यापाशी बसवलं. यातली तुला पुन्हा पुन्हा बघावीशी वाटतील तेवढी काढ, म्हणाले. मग मी काढलेल्या प्रत्येक कार्डाचं ‘का’ विचारलं.

त्या काळात दुकानात धुमाकूळ होता तो इन्सर्ट कार्डांचा. त्यामागचा व्यवहार पॉपनी मला बजेट समजावून सांगावं तसा सांगितला. १९८१पर्यंत या धंद्यात टॉप्सची जवळजवळ मक्तेदारी. मग फ्लीअर आणि डॉनरस आले, १९८९ला अपर डेक आलं, आणि सगळ्यांनी इतकी कार्डं छापली की साध्या कार्डाला रद्दीचा भाव आला. मग पाकिटं खपवायची कशी? तर साध्या कार्डांमध्ये अधूनमधून एक दुर्मिळ, चकचकीत कार्ड घुसवायचं. ते इन्सर्ट. १९९१मध्ये डॉनरसनं ‘एलिट’ मालिका काढली आणि प्रत्येक कार्डावर दहा हजारांपैकी कितवी प्रत ते छापलं. १९९३मध्ये टॉप्सच्या ‘फायनेस्ट’ मालिकेत रिफ्रॅक्टर आलं. कार्ड तिरकं धरलं की त्यावर इंद्रधनुष्य सरकायचं. किती पाकिटांमागे एक मिळेल, ते रॅपरवरच छापलेलं असे. लॉटरीच ती. पण पॉपचं म्हणणं, लॉटरी लागली तरी मिळालेला कागद चांगला की वाईट, हा प्रश्न उरतोच, आणि तो कुणीच विचारत नाही.

तो त्यांनी विचारायला सुरुवात केली. दर डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या एका संध्याकाळी, दुकानात परीक्षण व्हायचं. काउंटरवर काळी मखमल अंथरायची. गिऱ्हाइकांनी आणलेली इन्सर्ट कार्डं मांडायची, नवी-जुनी असा भेद नाही. पाच परीक्षक बसायचे: एक नर्स, एक बसचालक, शाळकरी मुलं दोन आणि पॉप. किमतीचा उल्लेख करणाऱ्यानं बरणीत क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, टाकायचं. बसचालकाच्या क्वार्टरांतूनच कॉफी व्हायची.

पहिल्यांदा कार्ड हातभर लांब धरून बघायचं. खेळाडू आधी दिसला की सोनेरी फॉइल आधी दिसलं? मग अंगठ्यानं नाव झाकायचं. उरलेल्या चित्रावरून हा माणूस काय करतो ते कळतं का? त्यानंतर पॉपची खास परीक्षा यायची. मनातल्या मनात तिथे दुसरा खेळाडू बसवून बघायचा. कुणीही चपखल बसत असेल, तर ते चित्र त्या खेळाडूचं नाहीच, नुसती चौकट आहे. चार गुण वजा. नव्वदच्या दशकातली निम्मी इन्सर्ट कार्डं इथेच गारद व्हायची. विजा चमकताहेत, ज्वाळा उठताहेत, ग्रह फिरताहेत आणि मध्ये कुणीतरी बॅट फिरवतोय. संगणकावर थर चढवणं सोपं झालं होतं आणि कुठे थांबायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. १९९५ची फ्लीअरची साधी मालिका तर पॉप काचेत पालथी ठेवत. सहा विभागांच्या संघांसाठी सहा वेगवेगळ्या मांडण्या आणि एकीहून एक भडक. “एकाच घरात सहा सुना आणि सगळ्यांचा स्वयंपाक वेगळा,” मी म्हणालो. इंग्रजीत ते नीटसं उतरलं नाही, पण नर्सबाई हसल्या.

फ्लेअरची, म्हणजे फ्लीअरच्याच उंची छापाची, १९९६ची ‘हॉट ग्लोव्हज’ मालिका परीक्षणाला आली. कार्डच ग्लोव्हच्या आकारात कापलेलं, सभोवती ज्वाळा. मालिका क्षेत्ररक्षणात नाणावलेल्यांची, त्यामुळे ‘दुसरा बसवून बघा’ या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. आकाराला कारण होतं. पॉपनी गुण लिहिता लिहिता एवढंच विचारलं, “पण ग्लोव्हला आग का लागलीय?” उत्तर कुणाकडेच नव्हतं. दोन गुण कापले गेले.

त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली आणि आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले. आई बाळंतिणीच्या खोलीत रमली. अळीव, डिंक, शेक-शेगडी, तिला दिवस पुरायचा नाही. अण्णांचे मात्र हाल. इंग्रजी वाचता यायचं, बोलायला धजत नसत. बाहेर बर्फ. पन्नास वर्षं पहाटे उठून छापखान्याचं कुलूप उघडणारा माणूस खिडकीशी बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायचा. मी परीक्षणाला निघालो होतो तर म्हणालो, चला, दुकान तरी बघा.

मखमलीवर मांडलेली कार्डं पाहून अण्णांनी खिशातून भिंग काढलं. ते अमेरिकेलाही बरोबर आणलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पॉपनी ते भिंग पाहिलं, काही न बोलता स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं आणि सहावी गुणपत्रिका अण्णांच्या पुढ्यात ठेवली. मला म्हणाले, “तू फक्त भाषांतर कर. मध्ये तुझं काही घालू नकोस.”

पहिलं कार्ड टॉप्स लेझरचं. १९९६चीच ती मालिका. कार्डाचा पुठ्ठा लेझरनं जाळीसारखा कोरलेला. कोरीवकाम इतकं नाजूक की कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवताना त्याची टोकं अडकायची. अण्णांनी ते उजेडासमोर धरलं, मग नाकाशी नेलं. “पात्यानं कापलेलं नाही. जाळलंय,” म्हणाले. “आमच्याकडे लग्नपत्रिकेचं पंचिंग करतो ना, तिथे डाय बोथट झाली की कडेला लव सुटते. इथे लव नाही. काम अफाट आहे.” पॉप खूश होऊन मान डोलवत होते. अण्णांनी कार्ड उलटवलं. “पण ह्याला मागची बाजूच नाही. पुढून भोक पाडलं की मागूनही पडतं, हे आखणाऱ्याच्या ध्यानातच नव्हतं. मजकूर जाळी चुकवत कसाबसा बसवलाय.” मी भाषांतर केलं. पॉपनी स्वतःची गुणपत्रिका अण्णांपुढे केली. ‘मागची बाजू’ या रकान्यात त्यांनी आधीच भोपळा दिलेला होता.

मग जे चाललं त्यात माझी गरज हळूहळू कमी होत गेली. पातळ धातूवर छापलेलं एक कार्ड अण्णांनी टिचकी मारून वाजवलं आणि बाजूला ठेवलं. तेवढ्यावरून पॉपना निकाल कळला. एका कार्डाचा लाल रंग केसभर सरकलेला होता. अण्णांनी भिंगाखाली बोट ठेवलं, “रजिस्टर आउट.” ते दोन शब्द इंग्रजीच असल्यानं भाषांतर लागलं नाही. शाळकरी मुलांनी तर ते पाठच केले आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक कार्डावर रजिस्टर आउट शोधत बसली.

शेवटी अण्णांनी सर्वाधिक गुण दिले ते पिनॅकलच्या १९९४च्या ‘म्युझियम कलेक्शन’मधल्या एका कार्डाला. त्याची छपाई ड्यूफेक्स पद्धतीची. फॉइलवर छापून त्यावर बारीक रेघा उठवतात. प्रत्येक भागात रेघांची दिशा निराळी, त्यामुळे कार्ड हलवलं की उजेड पळतो. ही पद्धत इंग्लंडातल्या एका छापखान्याची. नर्सबाईंनी आक्षेप घेतला की हे खरं इन्सर्टच नव्हे, साध्या कार्डाचीच चकचकीत आवृत्ती आहे, पॅरलल. त्यावरून वाद पेटला, आणि तांत्रिकदृष्ट्या बाई बरोबर होत्या. पण अण्णांचा मुद्दा निराळा होता. “इथे चमक चित्राच्या चाकरीला आहे. रेघा कशा फिरल्यात बघा, जिथून माणूस हात फिरवतोय तिथूनच. बाकीच्यांत चित्र चमकेच्या चाकरीला जुंपलंय.” हा खेळाडू कोण, तो किती मोठा, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णाच म्हणाले, चल रे, तुझ्या त्या पेंटरकडे. जाताना पिशवीत माझ्या लग्नाची पत्रिका घेतली; आईनं नातवंडांना दाखवायला म्हणून सामानात घातली होती. पॉपनी ती मखमलीवर ठेवली आणि कार्डांसारखीच तपासली. हातभर लांबून पाहिली. अंगठ्यानं नावं झाकली. उलटवली. दुसरा कुणी बसवून बघायची परीक्षा इथे घेता येईना, कारण माझ्या जागी दुसरा नवरा बसवून बघणं त्यांना अप्रशस्त वाटलं असावं. भिंगातून देवनागरीची शिरोरेघ बराच वेळ न्याहाळली. “ही आडवी रेघ सगळ्या अक्षरांना बांधून ठेवते,” म्हणाले. “आम्हाला पाट्या रंगवताना हे मिळालं असतं तर किती सोपं झालं असतं.” मग जरा कचरत म्हणाले, “गणपतीवर सोनं जास्त झालंय. सोंडेचा बाक बुजलाय.” मी भाषांतर करू की नको या विचारात असतानाच अण्णा हसायला लागले. बोट कुठे ठेवलंय ते त्यांना दिसलं होतं. “त्यांना सांग, व्याह्यांनी आग्रह केला. मी एकदाच मारणार होतो, त्यांनी दोनदा मारायला लावलं.”

दहापैकी साडेआठ. पॉपनी गुणांची चिठ्ठी लावून पत्रिका कडक प्लॅस्टिकमध्ये घातली आणि काचेच्या कपाटात, रिफ्रॅक्टरांच्या वरच्या फळीवर उभी केली. खाली स्वतःच्या हातानं रंगवलेली छोटी पाटी: विक्रीसाठी नाही. दुकान चाललं तोवर ती तिथेच होती. येणारी-जाणारी पोरं विचारत, हा कुठला संघ?

परदेशात आलेल्या आईवडिलांना आपण मॉल दाखवतो, नायगारा दाखवतो. त्यांना आयुष्यभर जे येत होतं ते इथे कुणाला तरी हवं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते पॉपनी एका स्टुलानं केलं. उरलेले महिने अण्णा सकाळी दाढी करून तयार असायचे.

पॉपनीच त्यांना बर्डिक यांची गोष्ट सांगितली. जेफरसन बर्डिक हा सिरॅक्यूजमधल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातला कामगार. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. त्यानं जमवलेली छापील चिटोरी, म्हणजे सिगरेटच्या पाकिटांतली चित्रं, जाहिरातपत्रकं, शुभेच्छापत्रं, तीन लाखांच्या वर होती. त्यांतली तीस हजारांहून जास्त बेसबॉलची. विसाव्या शतकात तंबाखूबरोबर आलेल्या मालिकांना ‘टी’ अक्षर लावून त्यानं क्रमांक दिले. होनस वॅग्नरचं ते जगप्रसिद्ध कार्ड ज्या मालिकेतलं, तिला टी-२०६ म्हणतात ते त्यामुळेच. सगळा संग्रह त्यानं न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला आणि तिथे बसून, त्याच दुखऱ्या हातांनी, स्वतः आल्बमांत चिकटवला. काम संपलं १९६३च्या जानेवारीत, मार्चमध्ये तो गेला. बेसबॉलचा सामना त्यानं जन्मात पाहिला नव्हता, असं सांगतात. अण्णांना हे फार पटलं. मी त्यांना म्युझियमला नेलं. त्या संग्रहातली थोडीथोडी कार्डं तिथे आळीपाळीनं मांडतात. शंभरेक वर्षांपूर्वीच्या दगडी छपाईसमोर, लिथोसमोर, अण्णा हात मागे बांधून उभे राहिले ते राहिलेच. इजिप्तचं देऊळ बघायचं राहून गेलं. आईनं त्याबद्दल नंतर बरंच ऐकवलं.

अण्णा परतले, पण दोघांचा व्यवहार थांबला नाही. तुळशीचं लग्न झालं की सांगलीहून त्या मोसमातल्या पत्रिकांचे नमुने निघायचे, नाताळाला पॉपकडून पाचसहा कार्डं. सोबत गुणांची चिठ्ठी. दोन्हींकडचा मजकूर माझ्यामार्फत जायचा. माझी पोस्टमनकी म्हणा. अण्णा आकडे देवनागरीत लिहीत आणि पॉपना ते वाचता येऊ लागले होते. आठ आणि नऊ मध्ये मात्र शेवटपर्यंत गोंधळ.

१९९७मध्ये अपर डेकनं खेळाडूंच्या अंगातल्या शर्टांचे तुकडे कार्डात बसवले. ग्रिफी, ग्विन आणि ऑर्डोनेझ, तिघांची तीन कार्डं. दुकानात दोन तट पडले. मुलांना वेड लागलं. पॉपना ते पाहवेना. त्यांचं म्हणणं, हे डिझाइनच नव्हे. खिडकी पाडून मागे चिंधी लावली, की चित्र काढायची जबाबदारी संपली. मला वाटतं त्यांचं अर्धंच खरं होतं, कारण त्या चिंधीला हात लावताना बसचालकाचे डोळे मी पाहिले आहेत. पण पुढे प्रकरण हाताबाहेर गेलं. १९९९मध्ये बेब रूथची बॅट कापली गेली, २००३मध्ये त्याचा १९२५ सालचा शर्ट. अडीच लाख डॉलरहून जास्त मोजून डॉनरसनं तो विकत घेतला आणि तुकडे केले. शर्ट कापल्याचं कळलं तेव्हा पॉप फोनवर बराच वेळ तडतडत होते. तोवर दुकान बंद झालं होतं. इंटरनेटवरच्या लिलावांपुढे असली दुकानं टिकणं कठीणच होतं. ते मुलीकडे कॅरोलिनात राहायला गेले होते.

त्या नाताळाला सांगलीच्या पाकिटात त्यांनी एकच कार्ड घातलं. फारसा कुणाला माहीत नसलेला एक खेळाडू, आणि त्याच्या बॅटचा नखाएवढा तुकडा. चिठ्ठी कोरी. वर फक्त एक ओळ, की गुण या वेळी तुम्हीच द्या, मला राग आवरत नाही.

अण्णांनी भिंग लावून दोन दिवस घेतले. मग माझ्याकडे फोनवरून निकाल आला. छपाईला सात. फॉइलला सहा. “आणि लाकडाचं त्यांना सांग, लाकडाला मार्क देणारे आपण कोण? ते सुताराला विचारा.”

मी तसंच कळवलं. पुढच्या आठवड्यात पॉपचा फोन. त्यांच्या गल्लीत एक सुतार राहत होता. त्यानं पाच दिले होते.